एको पोपटाच्या शोधात: बडोद्याहून मॉरिशसला

कमाटीबागेत रविवारी सकाळी पक्षी पाहत फिरणारे आम्ही चौघे गेल्या ऑक्टोबरात मॉरिशसला गेलो, ते केवळ एको पोपटासाठी. मस्करीन बेटांवरचे (मॉरिशस आणि त्याच्या शेजारची बेटे) बाकी सारे मूळचे पोपट नामशेष झाले असून ही एकच जात तगली आहे, आणि १९८०च्या दशकात तिचेही जेमतेम दहा-बारा पक्षी ठाऊक होते.

पहिल्याच सकाळी, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाच्या पेत्रँ प्रवेशद्वाराशी, हिरवा पोपट ओरडत गेला आणि आम्ही एकमेकांचे अभिनंदनही करून टाकले. फोटो मोठा करून पाहिला, तर तो निघाला आपला राघू! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिंजऱ्यांतून सुटून तो तेथे पसरला आणि आता झाडांच्या ढोलींवरून एकोशी भांडतो. म्हणून जाण्यापूर्वी आपल्या राघूचा आवाज नीट कानात बसवावा. एकोचा आवाज त्याहून खालच्या पट्टीतला आणि काहीसा नाकातला असतो. एको अधिक गडद हिरवा, आखूड शेपटीचा आणि गोलसर पंखांचा दिसतो. सर्वांत खात्रीची खूण मादीची, कारण एकोच्या मादीची चोच काळी असते, तर राघूच्या मादीची लाल.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच मकाबेच्या पायवाटेला लागलो. दोन्ही बाजूंना परदेशातून आलेल्या पेरूची दाट जाळी माजली आहे आणि तिच्याखाली मूळच्या झाडांची रोपे वर येऊ शकत नाहीत. या पक्ष्याच्या अन्नाची आणि ढोलींची टंचाई का झाली, हे तेथे उभे राहिल्यावरच कळते. तासाभराने वरच्या फांद्यांत एक जोडी दिसली. नराच्या पायात रंगीत कडे होते, मादी काळ्या चोचीने फळ सोलत होती.

हे पक्षी वाचले ते कृत्रिम घरटी, पूरक खाद्य आणि हाताने वाढवलेली पिल्ले यांमुळे. या कामात मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचा मोठा वाटा आहे. संख्या सातशेच्या पुढे गेल्यावर २०१९ मध्ये या जातीची नोंद ‘संकटग्रस्त’ऐवजी ‘असुरक्षित’ अशी झाली. मात्र चोच व पिसांच्या विषाणूजन्य रोगाचा धोका टळलेला नाही, तेव्हा घरट्यांच्या पेट्या आणि खाद्याची भांडी यांच्याजवळ मुळीच जाऊ नये.

पठारावर पाऊस केव्हाही येतो आणि किनाऱ्यापेक्षा थंडी बरीच जास्त असते; रेनकोट आणि घसरणार नाहीत असे बूट हवेतच. मुक्काम किनाऱ्यावर असेल तर गाडी आदल्या रात्रीच ठरवावी. आमच्या मराठी वंशाच्या चालकांनी पहाटे चारला दार ठोठावले, म्हणून उजाडताना वाटेवर पोहोचलो.