पीक आलं, पण कशाचं?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मास स्पेकवर, म्हणजे रेणूंची वजनं मोजणाऱ्या यंत्रावर, पहिल्यांदा बसले तेव्हा आठवडाभराचं काम वाटलं होतं. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे सात ग्लुकोजचं कडं, मधे पोकळी. तीत अमँटाडीन या औषधाचा गोटीसारखा रेणू जाऊन बसतो, हे जुनंच ज्ञान. यजमान आणि पाहुण्याची ही जोडी मला इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे द्रावणाच्या प्रभारित फवाऱ्यात, अख्खी पकडायची होती, बस्स.

पहिल्या दिवशी आलेखावर सुळका, म्हणजे पीक, दिसलं ते १,१५७.४ वजनाचं: रिकामं कडं आणि त्याला चिकटलेलं सोडियम. मी तर सोडियम घातलंच नव्हतं; ते काचेच्या बाटल्यांतून आलेलं. मग प्लास्टिकच्या नळ्या आणल्या. मिथेनॉल घातलं की फवारा छान चालतो, पण पोकळीतली पकड ढिली होते, म्हणून जवळपास निव्वळ पाण्यावर रेटलं. फवारा सारखा थुंकायचा. तिसऱ्या स्लॉटला १,२८६.५ उगवलं. कडं १,१३४.४, प्रोटॉनसकट अमँटाडीन १५२.१, बेरीज जुळली. घरी फोन करून "पीक आलं" म्हटलं, तर आबा म्हणाले, "कसलं?"

माझ्या गाईड मॅडमनीही तेच विचारलं. "आत बसलंय कशावरून? बाहेरून चिकटलं असलं तरी वजन तेवढंच भरेल."

म्हणून माल्टोहेप्टाओज घेतलं. तेच सात ग्लुकोज, पण मोकळी साखळी, कडंच नाही. याला अमँटाडीन चिकटायला नको होतं. चिकटलं. १,३०४.५ वर, ठसठशीत. त्या रात्री मेसला गेले नाही.

कारण मी आधी वाचून सोडून दिलेलं होतं. थेंब सुकत जातो तशी आतली तीव्रता वाढते, आणि शेवटी उरलेले रेणू हाताला लागेल त्याला धरतात. त्यात अमँटाडीनच्या अमोनियम टोकाचा धन प्रभार आणि साखरेचे हायड्रॉक्सिल यांचं निर्वातात फारच जमतं. पाहुण्याला पोकळीत ढकलणारं पाणी तर तिथे नसतंच. म्हणून द्रावण दहापट पातळ केलं, १०० मायक्रोमोलरवरून १० वर उतरले. साखळीचं पीक बरंच बसलं, कड्याचं तेवढं नाही. शून्य मात्र कधीच झालं नाही.

शेवटी एनएमआर, म्हणजे कुठला अणू कुणाच्या शेजारी आहे ते द्रावणातच दाखवणारं तंत्र. कड्याच्या आतल्या बाजूचे एच-३ आणि एच-५ प्रोटॉन अमँटाडीनला खेटून आहेत, हे तिथे पाण्यातच दिसलं, एका रात्रीत. चार महिने फवारा पुसत बसलेल्या माणसाला हे सांगू नये.

प्रबंधात १,२८६.५ खाली मी एवढंच लिहिलं: 'प्रमाण १:१'. साखळीचा स्पेक्ट्रम मॅडम परिशिष्टात टाक म्हणाल्या. मी तो शेजारीच छापला.