डाएट चार्ट मिळवताना

लेकीला टाइप-1 मधुमेह निघाला. इन्सुलिन सुरू झालं, सुई टोचायलाही आम्ही दवाखान्यातच शिकलो. ते सगळं निभावलं. अडलं ते डाएट चार्टापाशी.

खानापूरहून सकाळची बस धरून बेळगाव गाठावं, तर आहारतज्ज्ञ मॅडमच्या खोलीला कुलूप. काउंटरवर विचारलं की, "मीटिंगला गेल्यात, नाळे बन्नी." म्हणजे उद्या या. नाळे म्हणे! आमच्या ह्यांचा रोज बुडतो, तो कोण भरून देणार? एकदाच्या मॅडम भेटल्या, तर हातात छापील कागद. ओट्स, ब्राउन ब्रेड, ऑलिव्ह ऑइल, सफरचंद. आणि खाली ठळक अक्षरात, भात बंद. पोट सुटलेल्या साठीतल्या माणसाचा कागद माझ्या वाळून काटकी झालेल्या नऊ वर्षांच्या पोरीला! मी तो टेबलावरच ठेवला. म्हटलं, "मॅडम, आम्ही जोंधळ्याची भाकरी, मसुराची आमटी अन् रेशनचा भात खातो. त्याचा हिशेब सांगा." मागे रांग कुरकुरायला लागली. कुरकुरू दे, मी काही उठले नाही.

शेवटी त्यांनी पेन काढलं. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात कार्बोहायड्रेट (ज्याची रक्तात साखर होते ते) 70 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 50 ग्रॅम पिठाची भाकरी साधारण 35. शिजलेला भात 100 ग्रॅम घेतला तर 28 च्या आसपास. भात बंद नाही, मोजून खायचा, सोबत उसळ-भाजी, आणि डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे इन्सुलिन. एवढं सांगायला पाच मिनिटं पुरली. मग इतके हेलपाटे कशाला?

ओट्सच्या डब्याचे पैसे वजनकाट्याला घाला. थोडे दिवस पीठ मोजलं की हाताला अंदाज बसतो. पोरीसाठी वेगळं काही शिजवत नाही. अंडं, मटकी, ताक, शेंगदाणे घरात सगळेच खातात. शुगर-फ्री बिस्किटांच्या नादी लागू नका, मैदा त्यातही असतोच.

हां, हे आधीच सांगायला हवं होतं: दप्तरात ग्लुकोज पावडर कायम ठेवा. शुगर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम पावडर पाण्यातून द्यायची, 15 मिनिटांनी परत तपासायची. चॉकलेट नको, त्यातल्या तुपकटपणानं साखर चढायला वेळ लागतो. शाळेत दुधातून नाचणीचं गोड माल्ट देतात, तेही मोजणीत धरायचं. बाईंना तसं सांगून ठेवलंय.

गणपतीतल्या मोदकाचंही त्याच दिवशी विचारून घेतलं. चालतो, जेवणातच, मोजणीत धरून. बेळगावच्या कुंद्याचं, त्या खव्याच्या मिठाईचं, तेवढं विचारायचं राहिलं.