कॅलिपरला रंग द्यायचाय?

आज अंबडला एका गाडीचे लाल कॅलिपर (चाकामागे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पाहिले. रंगाचे पापुद्रे नखाने निघत होते, खाली ब्रेकची काळी धूळ तशीच! साधा एनॅमल कसारा घाट उतरताना तापला की काळवंडतो. हाय-टेम्प, म्हणजे जास्त उष्णता सोसणारा कॅलिपर पेंटच घ्या. खरी मेहनत मात्र घासण्यात आहे. गाडी जॅक स्टँडवर, चाक काढून तारेचा ब्रश, मग ब्रेक क्लीनर. पेट्रोल-रॉकेल अजिबात नको, रबरी सील फुगतात. ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायचं तोंड), रबरी बूट (धूळ अडवणारी रबरी टोपणं), स्लाइड पिन (ज्यावर कॅलिपर सरकतो), पॅड, डिस्क टेपने नीट झाका. पातळ तीन हात द्या. जाड एकच हात ओघळतो. भर पावसाळ्यात टाळाच, दमट हवेत रंग धुरकटतो. आणि कॅलिपर गळत असेल तर आधी सील किट बदला, ब्रेक ऑइल लागलं की रंग उचलतोच.