संडे स्कूलच्या मुलांसाठी झाडाची गोष्ट लिहिली, तो अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते. मी संडे स्कूलला सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिकवते आणि गेली दोन वर्षं त्यांच्यासाठी एक काल्पनिक गोष्ट लिहीत होते. एक मुलगी, एक झाड आणि देव, सुरुवातीला एवढीच पात्रं होती. आता ती पूर्ण झालीय, पण मध्ये तीन वेळा अगदी पहिल्या ओळीपासून लिहावी लागली.

सुरुवात पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, उत्पत्तीच्या पुस्तकातल्या 2:15 या वचनामुळे झाली. देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. मुलांना हे वचन पाठ असतं, घडाघडा म्हणतात, पण राखण म्हणजे नक्की काय करायचं विचारलं की सगळी एकमेकांकडे बघतात. म्हणून म्हटलं गोष्टीतून सांगू.

पहिली गोष्ट मी एका आठवड्यात लिहिली. मुलीचं लाडकं नारळाचं झाड लोक तोडतात, ती रात्रभर रडून प्रार्थना करते, देवदूत येऊन बुडख्याला हात लावतो आणि सकाळी झाड जसंच्या तसं उभं. लिहिताना माझ्याच डोळ्यात पाणी आलं होतं. वर्गात वाचली, मुलं एकदम शांत, आणि मग आठ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "टीचर, मग तोडलं तरी चालतं ना? देव परत लावून देतो."

मला उत्तर देता आलं नाही. ती काही चुकीचं बोलली नव्हती, माझ्या गोष्टीतून हेच निघत होतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले, चमत्कारच काढून टाकला. झाडं ऑक्सिजन देतात, माती धरून ठेवतात, पाणी जमिनीत मुरवतात, सगळं खरं आणि सगळं बरोबर, आणि शेवटी एक प्रार्थना जोडलेली. दुसऱ्याच पानाला मुलं बुटांच्या लेस सोडायला-बांधायला लागली. मुलांना उपदेश लांबूनच कळतो, आपण कितीही गोड आवाजात वाचलं तरी.

त्याच दरम्यान एका मुलाचे वडील भेटायला आले, म्हणाले गोष्टीत झाड बोलतं हे पटत नाही, उद्या मुलं झाडालाच देव मानतील. मला ते ऐकून राग नाही आला कारण ही काळजी खरी आहे, विश्वासाच्या गोष्टीत फॅन्टसी आणायची तर हा प्रश्न येणारच. मी घरी जाऊन शास्ते या पुस्तकाचा 9 वा अध्याय परत वाचला. तिथे योथाम नावाचा माणूस लोकांना जी गोष्ट सांगतो त्यात झाडं स्वतःसाठी राजा शोधायला निघतात, जैतून म्हणतो मी माझं तेल सोडून कशाला येऊ, अंजीर म्हणतो माझी गोडी सोडून कशाला, द्राक्षवेलही नाही म्हणते आणि शेवटी काटेरी झुडूप तयार होतं. म्हणजे बोलणारी झाडं पवित्र शास्त्रातच आहेत. यशया 55 मध्ये तर झाडं टाळ्या वाजवतात! तेव्हा मी माझ्या गोष्टीसाठी एक नियम ठरवला की झाड बोलेल, रुसेल, घाबरेल, पण प्रार्थना कधीच स्वतःकडे घेणार नाही. मुलगी झाडाला टेकून बसते आणि दोघं मिळून देवाशी बोलतात. हे त्या वडिलांना सांगितलं तर ते हसले, आणि पुढचा प्रत्येक मसुदा त्यांनीच सगळ्यात आधी वाचला.

पण चमत्कार कुठे ठेवायचा हे काही सुटत नव्हतं. ते सुटलं ईयोबच्या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात. झाड तोडलं तरी त्याला आशा असते, मूळ जमिनीत जुनं झालं, बुडखा मातीत सुकला तरी नुसत्या पाण्याच्या वासाने ते पुन्हा फुटतं, असं ईयोब म्हणतो. तो हे दुःखात म्हणतोय, की झाडाला तरी आशा आहे, माणसाला कुठे आहे. मी हा अध्याय किती वेळा वाचला असेन, पण "पाण्याचा वास" इकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. मला माझा चमत्कार सापडला होता, आणि तो छोटा होता, एका कोंबाएवढा.

वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली हे खरंच होतं, पण तुझ्या नारळाचं नाही होणार. नारळाला वाढायला एकच शेंडा, तो गेला की झाड मेलं. पण बऱ्याच झाडांच्या सालीखाली सुप्त डोळे, म्हणजे झोपलेले कोंब, असतात, वरचं खोड गेलं की ते जागे होतात, आणि खाली मुळं मोठ्या झाडाची असतात, त्यात साठवलेलं अन्न असतं, म्हणून असे फुटवे बी पेरून आलेल्या रोपापेक्षा भराभर वाढतात. मग नारळ गेला आणि उंबर आला. मराठी शास्त्रात जक्कय येशूला बघायला उंबरावरच चढतो ना, मुलांच्या ओळखीचं झाड!

आणि उंबर आल्यावर गोष्ट स्वतःच पुढे जायला लागली. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही असं आपण म्हणतो, कारण ती फुलं फळाच्या आतच असतात, शेकडो, आणि चिलटाएवढी एक माशी बारीक भोकातून आत शिरून परागकण पोचवते, शिरताना बऱ्याचदा तिचे पंखही तुटतात. मला यापेक्षा अद्भुत काही स्वतःच्या डोक्याने रचता आलं नसतं. म्हणून ती माशीच गोष्टीत आली, मुलीला फुलांच्या आतल्या गावाची वाट सांगणारी.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात येशू जो दाखला सांगतो त्यातून माळी आला. मालक म्हणतो तीन वर्षं अंजिराला फळ नाही, तोडून टाक, आणि माळी म्हणतो आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. माझ्या गोष्टीत हा म्हातारा माळी मुलीला रोज पाणी आणायला लावतो. ती विचारते देव एका रात्रीत नाही का करू शकत, तो म्हणतो करू शकतो, पण त्याने तुला बोलावलंय ना.

सगळ्यात अवघड गेलं ते सातवं प्रकरण. बुडख्याला एकदम खूप फुटवे येतात, एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे काढावे लागतात. जिने झाड तोडलं म्हणून आकांत केला तिनेच कोवळे फुटवे कापायचे. हे ठेवू की नको यावर मी महिनाभर अडले होते. शेवटी ठेवलं, कारण राखण करणं म्हणजे नुसतं हात न लावणं नाही, हे मलाही लिहिताना नीट कळलं.

मोठ्याने वाचून वाचून खूप छाटलं. जिथे माझा श्वास तुटला तिथे वाक्य तोडलं, जिथे "म्हणून मुलांनो" आलं ती ओळ पुसली.

मागच्या महिन्यात पूर्ण गोष्ट वर्गात वाचली. पहिल्या वेळी प्रश्न विचारणारी मुलगी आता दहा वर्षांची आहे, पुढे येऊन बसली होती. शेवट झाल्यावर तिने विचारलं, "पण ते मोठं झाड परत आलं का?" मी म्हटलं, नाही गं, ते गेलं, हे त्याच्याच मुळातून आलेलं नवीन. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग त्याच्यावर घरटी होती ती?"

माझ्या गोष्टीत घरटीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन वही काढली, वर लिहिलं "पक्षी", आणि सध्या तेच लिहितेय.