ग्रिग्ज धरणाखालचे सॉगाय: जानेवारीतली एक संध्याकाळ

सव्वापाच वाजले होते, उणे 4 सेल्सिअस होतं आणि रॉडच्या कड्यांत बर्फ धरायला लागला होता. मेहुण्याने तिसऱ्यांदा विचारलं, "भाऊजी, नक्की मासे आहेत ना इथे?"

आहेत, म्हटलं. खरं सांगायचं तर डिसेंबरात मी याच जागी तीन वेळा येऊन रिकाम्या हाताने परतलो होतो. बायकोने "मासळीबाजारातून आणलीस तरी मी विचारणार नाही" इथपर्यंत सवलत दिली होती.

जागा म्हणजे कोलंबस, ओहायो. सायोटो नदीवर शहराच्या वायव्येला ग्रिग्ज धरण आहे, 1908 साली पूर्ण झालेलं. त्याच्या वर, प्राणिसंग्रहालयापाशी, 1925चं ओशॉनेसी धरण. या पाण्यात सॉगाय हा संकरित मासा सोडतात. नाव दोन माशांच्या नावांची मोडतोड करून बनवलंय: सॉगर अधिक वॉलाय. वॉलायच्या मादीची अंडी आणि सॉगरच्या नराचं बीज घेऊन सरकारी मत्स्यकेंद्रात पिल्लं तयार करतात. गढूळ पाणी वॉलायला फारसं मानवत नाही, याला चालतं. ओहायोतली धरणं बहुतेक गढूळच, म्हणून इथे हाच सोडतात. सोडलेल्यांपैकी बरेच पुरात सांडव्यावरून खाली नदीत येतात. परत वर चढायला वाट नाही. शिवाय थंडी पडली की खालच्या अंगाचे मासेही वर सरकू लागतात, कारण मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालायची ओढ असते, आणि तेही धरणाच्या भिंतीशी येऊन अडतात. त्यामुळे हिवाळाभर धरणाखालच्या डोहांत गर्दी असते. आम्हाला एवढंच पुस्तकी ज्ञान होतं.

गाडी रिव्हरसाइड ड्राइव्हच्या बाजूला लावली आणि पायवाटेने खाली उतरलो. दगडांवर पातळ बर्फ होता. बुटांना खाली खिळ्यांची जाळी लावली होती म्हणून मी सरळ उतरलो. मेहुणा विद्यापीठात शिकतो, त्याच्याकडे कॅम्पसवर फिरायचे बूट. तो बसून बसून घसरत आला. ही जाळी जोडीला थोडक्या पैशांत मिळते. एका गोष्टीवर खर्च करायचा असेल तर तिच्यावर करा, रॉड साधा असला तरी चालेल.

आता उभं कुठे राहायचं. डिसेंबरात माझं इथेच चुकलं. मी सांडव्याच्या फेसाळ पाण्यातच गळ टाकत राहिलो, मासा जोरात असेल तर पाणीही जोराचं लागत असेल असं वाटून. पाणी 2-3 अंश असताना मासा जोर करायच्या मनःस्थितीत नसतो. त्याला उभं राहायला संथ पाणी हवं आणि खाणं मात्र वाहतं येऊन तोंडाशी पडायला हवं. म्हणजे धावतं पाणी आणि थांबलेलं पाणी जिथे एकमेकांना घासून जातात ती रेघ. फेसाचे बुडबुडे तिथे रांगेत जाताना दिसतात. त्या रेघेच्या काठाकडच्या अंगाला, तळाशी, सॉगाय असतो. रोह्याला कुंडलिकेच्या काठी आजोबा मला वळणावरच्या भोवऱ्याच्या कडेला गरी टाकायला लावायचे. इतकी वर्षं अमेरिकेत राहून तेवढं आठवलं नाही, याचं हसू येतं.

सामान: साडेसहा फुटी हलका स्पिनिंग रॉड, 6 पौंडी साधा नायलॉनचा तंगूस. विणलेली दोरी उन्हाळ्यात उत्तम, पण ती पाणी पिते आणि गोठून तारेसारखी ताठ होते, म्हणून हिवाळ्यात मी ती काढून ठेवतो. गळाला 3.5 ग्रॅमचं शिशाचं डोकं, म्हणजे इथल्या भाषेत एक-अष्टमांश औंस, आणि त्यावर वळक्या शेपटीचा तीन इंची रबरी किडा. पाणी गढूळ असेल तर पोपटी, निवळ असेल तर पांढरा. प्रवाह ओढत असेल तर वजन दुप्पट करा, पण तळाला सारखं अडकू लागलं की लगेच परत हलकं. दहा-बारा गळ तर गमावायचेच, तेवढे जास्तीचे न्या.

पावणेसहाला अंधार दाटला. इथे जानेवारीत साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि त्यानंतरचा तासभर हाच खरा मोका. या माशांच्या डोळ्यांत मागे एक चकाकता पडदा असतो, मांजरासारखा, त्यामुळे अंधारात त्यांना भक्ष्य दिसतं आणि भक्ष्याला ते दिसत नाहीत. दिवसभर काकडत उभं राहण्यात अर्थ नाही. साडेचारला या, साडेसातला घरी जा.

मासा लागला तो मेहुण्याला, आणि लागला तो त्याच्या आळसामुळे. बोटं बधिर झाली म्हणून त्याने रीळ फिरवणं सोडलं, रॉड काखेत धरला आणि हातमोज्यात फुंकर मारत बसला. त्याचा गळ दूर कुठे तरी प्रवाहाबरोबर तळावरून वाहत असणार. "भाऊजी, अडकलं वाटतं," म्हणाला. मी म्हटलं, तोड आणि दुसरा बांध. त्याने रॉड उचलला आणि अडकलेलं हळूच बाजूला सरकलं.

थंडीतला चावा असाच असतो. झटका नाही, ठोका नाही. दोरीला ओलं फडकं लटकल्यासारखं जड लागतं, बस. डिसेंबरात मी अशी किती फडकी दगड समजून सोडून दिली असतील देव जाणे.

काठाशी आला तेव्हा मी डोक्यावरचा दिवा लावला आणि पाण्यात दोन डोळे पेटले. आमच्याकडे खाडीतला जिताडा बॅटरीच्या उजेडात असाच चमकतो. दोघांचं नातं काही नाही, पण पोटात तसंच झालं. अठरा इंच. अंगावर पितळी झाक, त्यावर तपकिरी डागांचे पट्टे. ओळखायची खूण पाठीवरच्या पहिल्या परावर: काट्यांमधल्या पडद्यावर काळपट ठिपके आणि रेघा असतात. निव्वळ वॉलायच्या परावर तसे ठिपके नसतात, मागच्या टोकाला फक्त एक काळा डाग, आणि शेपटीचं खालचं टोक ठळक पांढरं. सॉगरच्या परावर सुटे गोल ठिपके ओळीने. धरताना मात्र जपून. तोंडात बोट घालू नका, सुळे आहेत, आणि कल्ल्याची कड पात्यासारखी कापते. माझ्या अंगठ्याला अजून पट्टी आहे.

मग मीही आळशी झालो. टाकायचा, तळाला पोचेपर्यंत मनात आकडे मोजायचे, आणि दोन सेकंदाला रिळाचा एक फेरा. त्याहून जलद वाटलं तर तुम्ही जलदच आहात. चाळीस मिनिटांत मला दोन, त्याला आणखी एक. पाचवा सगळ्यांत मोठा असावा. असावाच म्हणतो, कारण तो पाहिलाच नाही. टोकाच्या कडीत बर्फाचा खडा बसला होता, माशाने ओढ घेतली, तंगूस सरकला नाही आणि तुटला. कड्या दर चार-पाच फेकींनंतर पाण्यात बुडवून साफ करायच्या, हे मला माहीत होतं. मासे लागायला लागले की माणूस माहीत असलेलं विसरतो. ओठांना लावायचं मलम कड्यांना फासतात, तेही करून पाहिलं, जेमतेम पाव तास टिकतं.

निघण्याआधी नदीची पातळी बघा. सायोटोवरच्या मापनकेंद्रांचे आकडे फोनवर दिसतात. पाऊस पडून पाणी चढलं आणि आता दोन दिवस उतरतंय, असा आलेख असेल तर सुट्टी टाका. चढत असेल तर घरी बसा. पाण्यात उतरून मासे धरायचा मोह या दिवसांत मुळीच नको, आम्ही काठ सोडला नाही. शहराच्या दक्षिणेला ग्रीनलॉनचा बुटका बंधारा आहे, तिथेही सॉगाय मिळतात. पण अशा बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरून माणसाला परत भिंतीकडे ओढतं. बुटका म्हणून त्याला हलक्यात घेऊ नका. सुती मोजे आणि जीन्स नको, भिजले की वाळत नाहीत. लोकरीचे घाला, एक जोड कोरडी गाडीत ठेवा.

16 वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो. भारतातून आलेले सासरे नुसता रॉड धरून फोटो काढणार असले आणि गळ पाण्यात असला, तरी त्यांचाही काढा. बाहेरच्यांसाठी थोड्या दिवसांचा मिळतो, फोनवर पाच मिनिटांत होतो. राज्याच्या आतल्या नद्या-तलावांत वॉलाय, सॉगर, सॉगाय तिन्ही मिळून दिवसाला सहा, आणि काही ठिकाणी किमान लांबीची अट असते, ती त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहून घ्या. नदीतला मासा आठवड्यातून किती वेळा खावा याचा सरकारी सल्लाही तिथेच. पाऱ्यामुळे बहुतेक माशांना आठवड्यातून एकदाच सांगतात, घरात लहान मुलं असतील तर नक्की वाचा.

आम्ही दोन ठेवले, दोन सोडले. साफ करताना एकाच्या पोटात दोन शॅड निघाले, आपल्या पाल्याच्या जातकुळीतले चंदेरी बारके मासे. थंडीने ते सुन्न होतात आणि प्रवाहात आडवेतिडवे वाहत येतात. पुढच्या वेळी रबरी किड्याऐवजी चंदेरी, चपटं काहीतरी लावून बघणार आहे. मांस पांढरं, काटा कमी, वास जवळजवळ नाही. आगळ, हळद, तिखट आणि वर रवा. माशाच्या गालातल्या मांसाच्या दोन वड्या चमच्याने काढायला विसरू नका. मेहुण्याने विसरू दिल्या नाहीत, दोन्ही त्यानेच खाल्ल्या.