कुमुद आणि सोसम्मा

मंगळवार, रात्रीचे अकरा

आजीच्या खुब्याचं ऑपरेशन काल झालं. आज दुपारपर्यंत ती गुंगीतच होती. चार वाजता सिस्टर आल्या, तिच्या गालावर हलकेच थोपटलं आणि विचारलं, "आजी, नाव सांगा तुमचं."

"कुमुद."

सिस्टरनी फाइल पाहिली, माझ्याकडे पाहिलं. फाइलवर सुशीला. आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकावरही सुशीलाच. त्यांना वाटलं, भूल अजून उतरली नाही. मला मात्र भरून आलं, कारण आजी अगदी शुद्धीवर होती. ती माहेरची कुमुद. लग्नात ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीने 'सुशीला' लिहिलं आणि कुमुद माहेरीच राहिली. आता तिला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. सत्तर वर्षांनी ते नाव मी आज पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं.

सिस्टरना हे सांगितलं तेव्हा त्या स्टूल ओढून बसल्याच. कोट्टायमकडच्या त्या, पुण्यात वीस वर्षं झाली, मराठी छान बोलतात. छातीवरच्या पाटीवर नाव: सोसम्मा. म्हणाल्या, "आमच्यात पहिली मुलगी झाली की वडिलांच्या आईचं नाव, दुसरी झाली की आईच्या आईचं. मी दुसरी. अम्मची, म्हणजे आजी, सोसम्मा, म्हणून मी सोसम्मा." त्यांच्याकडे नाव पुसत नाहीत, नातीच्या हाती देतात. हे ऐकून थोडा हेवा वाटला.

मी अर्थ विचारला. "फूल," त्या म्हणाल्या. "बायबलमधली सुसन्ना, तीच मी." केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थनेची भाषा सिरियाक. तिच्यातून शोशन आलं, मल्याळम तोंडात त्याचं सोसा झालं, पुढे मानाचं अम्मा लागलं. मरियम्मा, अन्नम्मा, सारम्मा यांच्याच रांगेतली सोसम्मा. वेचूरची ठेंगणी गाय नामशेष होता होता ज्यांनी वाचवली आणि ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, त्या डॉ. सोसम्मा आयप यांच्याबद्दल सिस्टर घरच्या माणसाबद्दल सांगावं तशा सांगत होत्या.

सुसन्नेची गोष्टही त्यांनीच सांगितली, सलाइनची बाटली बदलता बदलता. बॅबिलोनमध्ये दोन वजनदार म्हाताऱ्यांनी तिला बागेत परपुरुषाबरोबर पाहिल्याचा खोटा आळ घेतला. मृत्युदंड ठरला. तेव्हा दानिएल नावाच्या पोराने दोघांना वेगवेगळं उभं करून एवढंच विचारलं, कुठल्या झाडाखाली पाहिलंत? एकाने मस्तकीचं सांगितलं, दुसऱ्याने ओकचं. सुसन्ना सुटली. सगळे गप्प उभे असताना एका प्रश्नाने जीव वाचतो, ही गोष्ट मला फार आवडली.

आजी झोपल्यावर मी फोनवर या नावाच्या मागे लागले. हिब्रूत शोशन्ना, म्हणजे लिली. पण हिब्रूच्याही मागे इजिप्त आहे. तिथल्या लिपीत स्वर लिहीत नसत, म्हणून तीनच व्यंजनं मिळतात: स, श, न. अर्थ, नाईलच्या पाण्यात उगवणारं फूल. त्याला सगळे कमळ म्हणतात खरे, पण आपलं खरं कमळ इजिप्तमध्ये बरंच नंतर पोचलं. चित्रांतून जे दिसतं, बायका नाकाशी धरून हुंगतात, ते कुमुदाच्या जातीचं.

कुमुदाच्या! मी खुर्चीतून उठून आजीकडे पाहिलं.

एकदा उठल्यावर ते फूल कुठे कुठे गेलं! फ्रेंचांची सुझान, स्पॅनिश सुसाना, हंगेरियन आणि पोलिश झुझान्ना, फिनलंडची नुसती सान्ना. अरबीत सौसन, तोच शब्द स्पेनमध्ये जाऊन लिलीचं स्पॅनिश नाव झाला, आणि लॅटिन अमेरिकेत असुसेना नावाच्या मुली आहेत. म्हणजे सुसाना आणि असुसेना एकाच वर्गात शेजारी बसत असतील आणि दोघींना पत्ता नसेल. आर्मेनियात शुशान, लाडाने शुशानिक. पाचव्या शतकात या नावाची एक आर्मेनियन राणी जॉर्जियात होती. नवऱ्याने धर्म बदलला, हिने नकार दिला, म्हणून त्याने तिला कैदेत टाकलं. तिथेच ती गेली. तिची पापकबुली ऐकणाऱ्या पाद्र्याने तिची हकिगत लिहिली, आणि जॉर्जियन भाषेतलं आज हाती असलेलं सगळ्यात जुनं साहित्य तेच. एका भाषेचं वाङ्मय एका बाईच्या 'नाही'पासून सुरू होतं, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

फारसीतलं सोसन तर आपल्याही घरात होतं. आजीच्या ट्रंकेत एक लुगडं आहे, तांबूस झाक असलेल्या निळ्याचं. तिला विचारलं की म्हणते, "सोसनी आहे तो रंग." लहानपणापासून ऐकलेला शब्द. घरी गेले की ते लुगडं काढून उन्हात ठेवीन.

बुधवार, सकाळ

सातला सिस्टरची ड्यूटी संपली. आजी जागी होती, चहा मागत होती. सिस्टर पर्स खांद्याला लावून आत आल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "कुमुद आजी, मी जाते."

आजी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "जाते नाही गं म्हणू. येते म्हण."