तुम्ही विचारलंत म्हणून: पथ्याने आरए (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांधे सुजवणारा संधिवात) बरा होतो का?

लग्नात, लिफ्टमध्ये, कुणाच्या बारशाला, माझी बोटं दिसली की तोच प्रश्न. "पथ्य काय करतेस गं? वांगं, दही सोडलंस का? सगळं पोटातूनच येतं म्हणे." एकदाच नीट सांगते.

पोटाचा संबंध नाही असं मी म्हणतच नाहीये. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना नुकताच आरए झालेल्या आणि औषध सुरू न झालेल्या 75 टक्के पेशंटच्या आतड्यात प्रिव्होटेला कोप्री नावाचा जंतू सापडला, निरोगी लोकांत तो 21 टक्क्यांकडेच होता. पण प्रिव्होटेला जातीचे जंतू तर आपल्याकडे डाळ-भाकरी खाणाऱ्यांच्या पोटात भरपूर असतात आणि त्यातल्या बहुतेकांचे सांधे व्यवस्थित असतात, मग बोट कुणाकडे दाखवायचं? जंतू आधी की आजार आधी, तेही त्यातून ठरत नाही.

मी तेव्हा एवढं वाचलंच नव्हतं. मला फक्त ओस्लोचा 1991 चा अभ्यास माहीत होता, 7 ते 10 दिवस उपास, मग वर्षभर शाकाहार, आणि बऱ्याच जणांना आराम. मीही केलं. नुसतं भाज्यांचं सूप आणि ताक, आणि सहाव्या दिवशी सकाळी माझी मूठ वळली. दीड वर्षात पहिल्यांदा चहाचं पातेलं एका हाताने उतरवलं आणि ओट्यापाशीच रडले. हे खोटं नव्हतं, आजही सांगते. चूक पुढची. आरएसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, मेथोट्रेक्सेट, मी बंद केली, डॉक्टरांना न सांगता.

उपासाचा आराम जेवायला लागलं की ओसरतो. मी मात्र दुखलं की आणखी एक पदार्थ सोडायचे, आधी गहू, मग दूध, टोमॅटो, शेंगदाणे. वजन नऊ किलो उतरलं. दिवाळीच्या आदल्या रात्री उजव्या हाताचं बोट इतकं सुजलं की अंगठीखाली निळं पडलं, साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळला, नाही निघाली. सकाळी सोनार दुकान उघडत होता, शटर अर्धंच वर होतं, त्याने बोटाखाली पट्टी सरकवून अंगठी कापली आणि आई बाजूला उभी राहून माझं मनगट धरून होती, एक शब्द बोलली नाही. नंतरच्या एक्स-रेत दोन सांध्यांची हाडं झिजलेली दिसली. ती झीज भरून येत नाही.

बरं, मग पथ्य सोडलं का? नाही. तळलेलं आणि गोड कमीच, भाज्या-डाळी जास्त, बांगडा मिळाला की खाते. वांगंही खाते, मला काही होत नाही. गोळी दर रविवारी, न चुकता. पण त्या सहाव्या दिवसाचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. डॉक्टर म्हणतात उपासात सूज तात्पुरती उतरते, मलाही पटतं, आणि तरी सकाळी बोटं आखडली की हात आधी फ्रीजवरच्या, सोडलेल्या पदार्थांच्या त्या जुन्या यादीकडे जातो.